साठ वर्षांचा राजा, पिवळं बँकॉक आणि माझी ब्राझीलची जर्सी

सोमवारकर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर विषय निघाला होता की आपल्या पिढीने सिंहासनावरचा राजा कधी पाहिलाच नाही, पाहिला तो पत्त्यांत. मी पाहिलाय असं लिहायला गेलो आणि मग लक्षात आलं, पाहिला कुठे? दोन तास उन्हात उभा राहिलो आणि दिसलं काय, तर समोरच्या बाईची छत्री. तरी तो दिवस विसरलेलो नाही, म्हणून इथे लिहितो.

२००६ साली मी आणि बायको बँकॉकात होतो. नोकरी माझी, शहर मात्र तिने माझ्याआधी शिकून घेतलं. त्या वर्षी ९ जूनला राजा भूमिबल यांना गादीवर येऊन साठ वर्षं होत होती. १९४६ मध्ये थोरला भाऊ राजा आनंद महिदल राजवाड्यात गोळी लागून गेला आणि अठरा वर्षांचा हा धाकटा राजा झाला. त्याचा जन्म अमेरिकेत केंब्रिजला, शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये, आणि सॅक्सोफोन वाजवणारा! चक्री घराण्यातला नववा म्हणून 'नववा राम'. नाव आपल्या लिपीत सरळ लिहिलं तर 'भूमिबल अतुल्यतेज'. थाय लोक ते 'फूमिफोन अदुन्यादेत' असं म्हणतात, त्यामुळे पहिले सहा महिने हा आपलाच शब्द आहे हे मला कळलंच नव्हतं.

तर पिवळा रंग. थायलंडमध्ये आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक रंग असतो, सोमवारचा पिवळा. राजाचा जन्म सोमवारचा, ५ डिसेंबर १९२७. म्हणून त्या वर्षी दर सोमवारी सगळ्यांनी पिवळा टी-शर्ट घालायचा असं सुरू झालं. नवरात्रात सकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात शिरल्यावर जे दिसतं ते डोळ्यांपुढे आणा, फक्त डबा म्हणजे सगळं शहर, आणि बँकेतल्या साहेबापासून भाजी विकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे त्यात. मे महिन्यात सोमवारचा मंगळवार झाला, मंगळवारचा बुधवार. जूनमध्ये तर रोजच सोमवार.

छातीवर राजचिन्ह असलेला तो टी-शर्ट बघता बघता मिळेनासा झाला. रांगा लागल्या, भाव चढले, सरकारला त्यात लक्ष घालावं लागलं. बायकोने ऑफिसातल्या मुलींबरोबर पहाटे रांग लावून एक मिळवला. एकच, तोही तिच्या मापाचा. मग मी काय घालणार? नेमकी त्याच ९ जूनला जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा सुरू होत होती, त्यामुळे फूटपाथवर ब्राझीलच्या पिवळ्या जर्सींचे ढीग. मी त्यातली एक घेतली आणि राजाच्या समारंभाला पाठीवर रोनाल्डिन्योचं नाव मिरवत गेलो. कोणी रागावलं नाही. एका आजीने मला वळवून पाठीवर काय लिहिलंय ते नातवाकडून वाचून घेतलं आणि पोट धरून हसली.

समारंभ अनंत समागम नावाच्या सिंहासनगृहासमोरच्या चौकात होता (उच्चार 'अनांता समाखोम'). इटलीच्या संगमरवरातली घुमटाची वास्तू आहे. लोक आदल्या रात्रीपासून येऊन चटया टाकून झोपले होते. आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा चौक कधीच भरला होता, राजदम्नोन रस्त्यावर जिथे जागा मिळाली तिथे उभे राहिलो. दहा लाखांच्या आसपास माणसं होती असं नंतर वाचलं. मला काही मोजता आलं नसतं, मला फक्त पिवळं दिसत होतं.

राजा सज्जात आला हे आम्हाला आवाजावरून कळलं. पुढून एक लाट आली, 'सोंग फ्रा चरेन', म्हणजे 'महाराज चिरायू होवोत'. ती आमच्यावरून मागे गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. मग एकदम शांत. लाऊडस्पीकरवरून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा सपाट, थोडा थकलेला आवाज. चढउतार नाही, टाळीची वाक्यं नाहीत. आपल्याकडचा गल्लीतला कार्यकर्ता याहून जोरदार बोलतो! शब्द कळत नव्हते, बायको कानात सांगत होती: एकमेकांशी नीट वागा, मदत करा, नियम पाळा, असं काहीतरी. शेजारचा टॅक्सीवाला रडत होता. हुंदके देऊन नाही, डोळ्यांतून नुसतं पाणी चाललेलं आणि ते पुसायचंही भान नाही. मी ब्राझीलच्या जर्सीत त्याच्याशेजारी उभा, आणि मला माझ्या कपड्यांची अचानक लाज वाटली.

खरा देखावा १२ तारखेच्या संध्याकाळी. राजाच्या नौकांची मिरवणूक चाओ फ्राया नदीतून वासुक्री धक्क्यापासून अरुण देवळापर्यंत निघते. वासुक्री म्हणजे आपला वासुकी. एकूण ५२ नौका आणि दोन हजारांहून जास्त वल्हेकरी, सगळे नौदलातले. मुख्य नौका 'सुफन्नाहोंग', म्हणजे सुवर्णहंस. एका अखंड सागाच्या खोडातून कोरलेली, लांबी पन्नास मीटरच्या आत-बाहेर, पुढे हंसाची मान आणि चोचीत लोंबणारा गोंडा. दुसरी अनंतनागराज, सात फण्यांची. तिसरीवर गरुडारूढ नारायण, ती १९९६ च्या सुवर्णमहोत्सवासाठी नवी बांधलेली. आम्ही पलीकडच्या काठावर एका ओळखीच्यांच्या गच्चीत होतो. अंधार पडायला लागला होता. आधी दिसलं काहीच नाही, फक्त गाणं ऐकू आलं. एक माणूस लांब सूर लावतो आणि दोन हजार गळे त्याला ओ देतात, त्याच तालावर वल्ही पाण्यातून वर येऊन क्षणभर हवेत थांबतात. कोकणातल्या कोणाला हे सांगावं लागणार नाही. सोन्याचा मुलामा बाजूला ठेवला तर ते नाखव्यांचं गाणंच आहे.

त्या दिवशी नौकेत राजा बसला नव्हता. तो काठावर पाहुण्यांना मिरवणूक दाखवत बसला होता. पंचवीस राजघराण्यांची मंडळी आलेली, जपानचे सम्राट, ब्रुनेईचे सुलतान, स्वीडनचे राजे. आणि भूतानचा तरुण युवराज! त्याच्यावर बँकॉकच्या पोरी इतक्या लट्टू झाल्या की आठवडाभर ऑफिसात दुसरा विषय नव्हता.

बाकीचं आठवेल तसं प्रतिसादांत लिहितो. तुमच्यापैकी कोणी असलं काही पाहिलंय का?

---

चाफेकळी

मस्त लिहिलंय. रोनाल्डिन्यो वाचून फुटले 😀

सुवर्णहंस, वासुकी, अनंत समागम... म्हणजे सगळं आपलंच की!

---

सोमवारकर

@चाफेकळी, मलाही आधी तसंच वाटायचं. मग एका थाय सहकाऱ्याला उत्साहाने सांगायला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे असं म्हणतात का? छान." त्यांच्यासाठी तो थायच शब्द आहे आणि ते बरोबरच आहे. आपण तरी 'खुर्ची' म्हणताना अरबस्तानाची आठवण काढतो का? मात्र राजाशी किंवा राजाविषयी बोलायची भाषाच वेगळी असते, 'राचासाप', म्हणजे राजशब्द. राजाचं जेवणं, झोपणं, चालणं, सगळ्याला वेगळी क्रियापदं, बरीचशी संस्कृत आणि ख्मेरमधून आलेली. टीव्हीवर रोज रात्री राजघराण्याच्या बातम्या त्या भाषेत लागायच्या. आमच्या घरमालकीणबाईंनाही त्या पूर्ण कळत नसत, पण त्या पाय खाली घेऊन बसत.

---

तिरपा डोळा

लेखन छान, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. थायलंडच्या फौजदारी कायद्यात ११२ वं कलम आहे. राजा, राणी, युवराज यांची निंदा केली तर एका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं. मग त्या दहा लाखांतले किती प्रेमाने आले आणि किती भीतीने, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ज्या घरात 'मला भाजी आवडली नाही' म्हणायला बंदी आहे, तिथे सगळ्यांना भाजी आवडते.

---

खडूस काका

तिडो, तुमच्या घरी असं आहे वाटतं?

---

तिरपा डोळा

काका, माझ्या घरी भाजी मीच करतो, त्यामुळे कायदा माझ्या बाजूने आहे. पण विषय बदलू नका.

---

सोमवारकर

बगल नाही दिली, पण घाबरत लिहिलं हे खरं.

भीती होतीच. सिनेमाआधी राजगीत लागलं की उभं राहायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. नाणं घरंगळलं तर पायाने अडवायचं नाही, कारण त्यावर राजाचा चेहरा असतो. (हे मला सोपं गेलं. कागदाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो.) आणि राजकारणावर गप्पा रंगल्या की एका ठरावीक जागी येऊन सगळे एकदम जेवणाकडे बघू लागत.

पण नुसती भीती म्हणाल तर तो टॅक्सीवाला माझ्या हिशोबात बसत नाही. गर्दीत कोण रडतोय हे बघायला तिथे कोणीच नव्हतं. त्याच्या गावी, वर ईशान्येकडच्या ईसान भागात, राजा एकदा स्वतः येऊन गेला होता. हातात नकाशा, गळ्यात कॅमेरा, आणि पाण्याचं विचारत फिरलेला. तेव्हा हा सात-आठ वर्षांचा होता. हे त्याने स्वतःहून सांगितलं. राजाचे तसे फोटो घराघरांत असत: घामाने भिजलेला शर्ट, पेन्सिल, नकाशा. उत्तरेच्या डोंगरात अफूऐवजी फळं-भाज्या लावायचा त्याचा प्रकल्प १९६९ पासूनचा. आता त्या फोटोंचा प्रचार पद्धतशीर केला गेला होता का? होय, केला होता. फोटोतला घाम खोटा होता का? मला नाही वाटत. दोन्ही एकदम खरं असू शकतं, आणि मी सहा वर्षं राहूनही त्यांची टक्केवारी काढू शकलो नाही.

---

टेम्सकाकू

आमच्याकडचं लिहिते. २०२२ चा जून, राणी एलिझाबेथची सत्तर वर्षं. २ ते ५ जून सलग चार दिवस सुट्टी. राजवाड्यासमोरच्या 'द मॉल' रस्त्यावर जायची हिंमत झाली नाही, गल्लीतच रविवारी रस्ता अडवून टेबलं मांडली होती. निळ्या-लाल पताका, पावसाची भुरभुर, आणि कागदी मुकुट घातलेली कुत्री. देशभर स्पर्धा घेऊन या सोहळ्यासाठी खास पुडिंग निवडलं होतं, लिंबाच्या स्विस रोलचं ट्रायफल. इतकं किचकट की आमच्या गल्लीत तिघींनी केलं आणि तिन्ही वेगवेगळी दिसत होती. मी कोथिंबीर वडी नेली, ती सगळ्यांत आधी संपली (हे नोंदवून ठेवा).

तिरपा डोळा यांच्यासाठी खास: आमचे शेजारी कट्टर राणीविरोधी. छातीवर 'राजेशाही बंद करा' असा बिल्ला लावून आले, दोनदा ट्रायफल घेतलं, आणि आदल्या रात्री टीव्हीवर राणीने पॅडिंग्टन अस्वलाबरोबर चहा घेतला त्यावर सगळ्यांत जास्त तेच बोलत होते. "ही बाई मला आवडते, तिची नोकरी आवडत नाही," म्हणाले.

राणी पहिल्या दिवशी सज्जात आली, दुसऱ्या दिवशी सेंट पॉल्सला आलीच नाही, तब्येतीमुळे. तेव्हाच सगळ्यांना अंदाज आला होता. ८ सप्टेंबरला गेली. गल्लीतल्या पताका काढायच्या राहूनच गेल्या होत्या, त्या ओल्या लोंबकळत होत्या. बिल्लावाल्या शेजाऱ्यांनीच शिडी लावून उतरवल्या.

---

मुठेकाठी

दीर्घ राज्याचा महोत्सव म्हटला की पुणेकराला एकच तारीख आठवते: २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव. गावात प्लेगची दहशत, वर दुष्काळ. घरं तपासायला गोरे शिपाई देवघरापर्यंत शिरलेले, आणि गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर रोषणाई, आतषबाजी, मेजवानी. तिथून परतताना चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला गाठलं. 'गोंद्या आला रे' ही त्यांची खूण. त्याच्याबरोबरचा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

तो बंगला म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत. मी तिथे दोन वर्षं शिकलो. बागेत डबा खाताना हटकून मनात यायचं, की दिव्यांच्या माळा नेमक्या कुठे लावल्या असतील. कोणाच्याही राजाराणीच्या सोहळ्याचे फोटो पाहिले की माझं लक्ष आधी फाटकाबाहेर कोण उभं आहे तिकडे जातं. सोमवारकर, तुमच्या पिवळ्या गर्दीच्या बाहेर कोण होतं?

---

बडोदेकर

मुठेकाठींचं पटतं, पण एक दुसरी बाजू. आमचा राजा मराठीच होता. सयाजीराव गायकवाड, १८७५ ला मालेगावजवळच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा शेतकऱ्याचा पोर दत्तक आला तो १९३९ पर्यंत गादीवर. त्यांचा हीरक महोत्सव १९३६ साली झाला. माझी पणजी तेव्हा सहावीत. तिला हत्ती आठवत नव्हते, शाळेत वाटलेले पेढे आठवत होते. त्या संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत होतं, मुलींनासुद्धा. शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड. तिचा बाप दंड चुकवायला तिला शाळेत घालत होता, आणि म्हणून ती मरेपर्यंत चष्मा लावून पेपर वाचत होती. ती सयाजीरावांच्या फोटोला हार घालायची, तेव्हा तिला कोणत्याच कलमाची भीती नव्हती.

---

सोय ३१

खूप वर्षं वाचनमात्र होते, आज लिहिते. मी २०१३ पासून बँकॉकात आहे.

१३ ऑक्टोबर २०१६ ला राजा सिरिराज रुग्णालयात वारला. गादीवर सत्तर वर्षं पूर्ण करून. दुसऱ्या दिवशी शहराचा रंगच गेला. जाहिरातींचे फलक कोरे, वेबसाइट काळ्या-पांढऱ्या, टीव्हीसुद्धा. काळे कपडे संपले, तेव्हा लोकांनी रस्त्यावर मोठी पातेली चढवली आणि कोणीही आणलेले कपडे फुकट काळे रंगवून देऊ लागले. मी दोन कुर्ते रंगवून घेतले. एक अजून हाताला काळा लागतो. सनाम लुआंग मैदानाजवळ मोटारसायकलवाले पैसे न घेता सोडत होते, भात, पाणी, औषध फुकट. वर्षभर लोक दर्शनाला येत राहिले, आकडा सव्वा कोटीच्या वर गेला.

आणि झेंडू! अंत्यसंस्कार २६ ऑक्टोबर २०१७ ला व्हायचे होते. त्याआधी देशभर झेंडू लावले, कारण फूल पिवळं. दिवस मोजून लावले, म्हणजे त्याच आठवड्यात फुलतील. दसरा नुकताच होऊन गेलेला. भारतीय बाजारात झेंडूचा हार घ्यायला गेले तर फुलवाली मला म्हणाली, "तुम्हीपण राजासाठी?" मी घराच्या दारासाठी घेत होते. हो म्हणाले.

तिरपा डोळा, तुमचा प्रश्न वाचला. त्याला उत्तर देत नाही. मी अजून इथेच राहते.

---

तिरपा डोळा

समजलं. माफ करा, आग्रह नाही.

---

खडूस काका

सोय ३१ यांच्या शेवटच्या दोन ओळी हाच या धाग्यावरचा सगळ्यात नेमका प्रतिसाद.

---

सोमवारकर

मुठेकाठी, फाटकाबाहेर कोण होतं याचं उत्तर नंतर मिळालं. त्या जूनमध्ये देशात धड सरकारच नव्हतं. एप्रिलची निवडणूक न्यायालयाने मे महिन्यात रद्द केली होती. पंतप्रधान ताक्सिन काळजीवाहू, आणि गावाकडचे लाखो लोक त्यांच्या मागे. सोहळ्यापुरते सगळे पिवळे. शंभर दिवसांनी, १९ सप्टेंबरला, ताक्सिन न्यूयॉर्कला असताना लष्कराने सत्ता घेतली. रणगाड्यांना आणि बंदुकांना पिवळ्या फिती बांधलेल्या होत्या. लोक त्यांच्याबरोबर मुलांचे फोटो काढत होते. आम्हीही बघायला गेलो, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर पिवळा रंग एका गटाचा झाला आणि दुसऱ्या गटाने लाल घेतला. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पिवळेवाल्यांनी सुवर्णभूमी विमानतळ आठवडाभर बंद पाडला. तोपर्यंत सोमवारी काय घालायचं याचा घराबाहेर पडण्याआधी विचार करावा लागत होता. बायकोने तो पहाटे रांग लावून आणलेला टी-शर्ट घडी करून कपाटात ठेवला. तिचा टॅक्सीवाला लाल असेल तर? ऑफिसातली मैत्रीण पिवळी असेल तर? मधे राजा दवाखान्यातून गुलाबी कोट घालून बाहेर आला आणि लगेच गुलाबी शर्ट आले, तेव्हा आम्हाला केवढं हायसं वाटलं होतं! गुलाबी कोणाचाच नव्हता.

---

चाफेकळी

मग त्या टी-शर्टचं झालं काय? आणि जर्सीचं?

---

सोमवारकर

जर्सीचं आपल्या घरात सगळ्या टी-शर्टचं होतं तेच झालं. आधी झोपायला, मग रंगकामाला, मग स्कूटर पुसायला.

दुसरा अजून आहे. बँकॉकातच तीन घरं बदलली, प्रत्येक वेळी सामान आवरताना तो हातात यायचा. घालता येत नव्हता, कोणाला देता येत नव्हता, आणि टाकायचा तर कचऱ्यात राजचिन्ह दिसेल म्हणून टाकताही येत नव्हता. तसाच पुण्याला आला. मागच्या दिवाळीत आई माळा साफ करत होती. तिने तो उलगडला, कापड चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं सुती आहे, हे फडक्याला घेऊ?"

मी एका खोलीतून आणि बायको दुसरीतून, दोघं एकदम ओरडलो, "नको!"

आई दचकली. "अगं, एवढं काय," म्हणाली आणि पुन्हा घडी घालून होता तिथे ठेवून दिला.